कोरिलेशन म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि जरा सविस्तर उत्तरं

स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्यांना, ऑफिसात डेटाचे रिपोर्ट बनवणाऱ्यांना आणि बातमीत "अमुक आणि तमुक यांच्यात संबंध आढळला" असं वाचून विचारात पडणाऱ्यांना साधारण हेच प्रश्न पडतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, पण पहिले चारपाच वाचून मग पुढे उड्या मारल्या तर सोपं जाईल.

कोरिलेशन म्हणजे साध्या भाषेत काय?

दोन गोष्टी मोजल्या, समजा प्रत्येक माणसाची उंची आणि वजन, आणि मग बघितलं की उंची सरासरीच्या वर असलेल्यांचं वजनही बहुतेक वेळा सरासरीच्या वर असतं का, की उलट खाली असतं, की दोघांचा एकमेकांशी काही मेळच नाही. हे एका आकड्यात सांगणारं माप म्हणजे कोरिलेशन, पुस्तकी मराठीत सहसंबंध, आणि त्या आकड्याला सहसंबंध गुणांक म्हणतात. वरच्या वाक्यातलं "बहुतेक वेळा" महत्त्वाचं आहे. उंच पण हडकुळी माणसं असतातच, त्यांच्यामुळे कोरिलेशन खोटं ठरत नाही, फक्त आकडा एकच्या जरा खाली येतो.

अजून एक, दोन्ही मापं जोडीने पाहिजेत. एकाच माणसाची उंची आणि त्याच माणसाचं वजन. शंभर जणांच्या उंच्या एकीकडून आणल्या आणि भलत्याच शंभर जणांची वजनं दुसरीकडून, तर त्यांचं कोरिलेशन काढायला काही अर्थच नाही.

आकडा कसा वाचायचा?

तो उणे १ ते अधिक १ च्या मध्ये असतो. चिन्ह दिशा सांगतं: अधिक म्हणजे दोघं एकाच बाजूला जातात, उणे म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं. आणि चिन्ह सोडून उरलेला आकडा सांगतो की दोन्ही मापं आलेखावर मांडली (एक माणूस म्हणजे एक ठिपका) तर ठिपके एका सरळ रेषेला किती चिकटून आहेत. बरोब्बर १ किंवा उणे १ म्हणजे सगळे ठिपके रेषेवरच. उणे ०.८ हे अधिक ०.५ पेक्षा कमी नाही, जास्त घट्ट आहे, फक्त दिशा उलटी.

आता इथे खूप जणांची गल्लत होते ती अशी, की आकडा मोठा म्हणजे रेषा जास्त उभी, असं वाटतं. तसं नाहीये. रेषा अगदी आडवी-तिरकी असली तरी ठिपके तिला चिकटून असतील तर कोरिलेशन ०.९९ येईल, आणि रेषा खडी चढणारी असली पण ठिपके विखुरलेले असतील तर ०.२ येईल. एकामागे दुसरं किती वाढतं हे कोरिलेशन सांगत नाही, ते रिग्रेशनचं काम, म्हणजे ठिपक्यांच्या सगळ्यात जवळून जाणारी रेषा काढण्याच्या पद्धतीचं.

हाताने काढून दाखवा ना, फॉर्म्युला बघितला की डोकं बंद होतं.

दाखवतो. पाच विद्यार्थी, रोजचा अभ्यास अनुक्रमे १, २, ३, ४, ५ तास, आणि मार्क ४०, ५०, ४५, ६५, ६०. तासांची सरासरी ३, मार्कांची ५२. आता प्रत्येकजण सरासरीपासून किती लांब ते लिहा. तासांचे फरक: उणे २, उणे १, ०, १, २. मार्कांचे फरक: उणे १२, उणे २, उणे ७, १३, ८. जोडीजोडीने गुणा: २४, २, ०, १३, १६, बेरीज ५५. ही बेरीज अधिक आली म्हणजेच दोघं एका बाजूला चाललेत हे इथेच कळलं, कारण दोन्ही फरक एकाच चिन्हाचे असतील तर गुणाकार अधिक येतो आणि वेगळ्या चिन्हांचे असतील तर उणे.

पण ५५ म्हणजे खूप की थोडं ते कळत नाही, कारण तास मिनिटांत मोजले असते तर हाच आकडा ६० पट झाला असता. म्हणून भागायचं. तासांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०, मार्कांच्या फरकांच्या वर्गांची ४३०, दोघांचा गुणाकार ४३००, त्याचं वर्गमूळ साधारण ६५.६. ५५ भागिले ६५.६ म्हणजे ०.८४. झालं, हाच पिअर्सनचा फॉर्म्युला, यापलीकडे त्यात काही नाही. आणि या भागाकारामुळेच एकक गळून पडतं, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या नाहीतर इंचात, तापमान सेल्सियसमध्ये घ्या नाहीतर फॅरनहाइटमध्ये, कोरिलेशन तेच राहतं.

मग ०.८४ म्हणजे ८४ टक्के?

नाही. टक्क्यांत बोलायचंच असेल तर आधी वर्ग करा. ०.८४ चा वर्ग साधारण ०.७०, म्हणजे या पाच जणांच्या मार्कांमध्ये जो चढउतार आहे त्यातला ७० टक्के चढउतार तासांवरून काढलेल्या सरळ रेषेत सामावतो. यालाच आर-स्क्वेअर म्हणतात. हे लक्षात ठेवलं की ०.३ ऐकून होणारा आनंद जरा आवरतो, कारण त्याचा वर्ग ०.०९, म्हणजे फक्त ९ टक्के. आणि ०.८ हे ०.४ च्या दुप्पट नाही, या हिशोबाने चौपट आहे.

किती असलं की स्ट्राँग म्हणायचं?

सगळीकडे लागू पडेल असा आकडा नाही. जेकब कोहेन यांनी १९८८ च्या पुस्तकात ०.१ लहान, ०.३ मध्यम, ०.५ मोठं असा ढोबळ अंदाज दिला तो वर्तनशास्त्रासाठी, आणि तोच सगळे सगळीकडे चिकटवतात. माणसांच्या वागण्याचा अभ्यास असेल तर ०.३ खरंच बरं आहे. पण तेच लॅबमध्ये एखाद्या उपकरणाचं कॅलिब्रेशन करताना ०.९५ आलं तर काहीतरी बिघडलंय असं समजून शोधाशोध करावी लागते. आपल्या विषयात लोकांना साधारण किती मिळतं ते बघा आणि त्याच्याशी तुलना करा, नुसतं "स्ट्राँग" "वीक" लिहून काही कळत नाही.

शून्य आलं म्हणजे संबंधच नाही ना?

सरळ रेषेतला संबंध नाही, एवढंच. उणे ३ पासून ३ पर्यंतचे पूर्णांक घ्या आणि प्रत्येकाचा वर्ग करा: ९, ४, १, ०, १, ४, ९. पहिल्या आकड्यावरून दुसरा अचूक सांगता येतो, यापेक्षा पक्का संबंध असू शकत नाही, तरी कोरिलेशन बरोब्बर शून्य. कारण डावीकडचा उतार आणि उजवीकडचा चढ एकमेकांना खाऊन टाकतात. प्रत्यक्षातही असं होतं, जास्त ताण आला तरी कामगिरी घसरते आणि अजिबात ताण नसला तरी घसरते, मध्ये कुठेतरी चांगली असते, अशा ठिकाणी कोरिलेशन काढलं तर शून्याच्या आसपास येईल आणि कोणीतरी रिपोर्टमध्ये लिहील की ताणाचा काही परिणाम नाही.

स्कॅटर प्लॉट (ठिपक्यांचा आलेख) काढायलाच पाहिजे का? वेळ नसतो.

काढायलाच पाहिजे, आणि या पानावरचं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

फ्रान्सिस अँस्कम नावाच्या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट बनवले, प्रत्येकात ११ ठिपके. चारही सेटमध्ये पहिल्या चलाची (म्हणजे मोजलेल्या गोष्टीची) सरासरी ९, दुसऱ्याची ७.५, रिग्रेशनची रेषा तीच, आणि कोरिलेशन चारही ठिकाणी साधारण ०.८१६. आकड्यांचं टेबल बघितलं तर वाटेल एकच डेटा चारदा छापलाय. आणि मग चित्र काढलं की: पहिल्यात ठिपके रेषेभोवती नीट पसरलेत, दुसऱ्यात कमानीसारखा वक्र आहे, तिसऱ्यात दहा ठिपके एकदम सरळ रेषेत आणि एक भलतीकडे, आणि चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत अडकलेत आणि लांबवरचा एकच ठिपका सगळं कोरिलेशन तयार करतोय. चार वेगळ्या गोष्टी आणि आकडा एक. २०१७ मध्ये तर मातेज्का आणि फिट्झमॉरिस या दोन संशोधकांनी डायनासोरच्या आकारात मांडलेल्या ठिपक्यांपासून सुरुवात करून तीच सरासरी, तेच विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) आणि तेच कोरिलेशन ठेवून तारा, वर्तुळ, फुली असे बारा आकार बनवून दाखवले. चित्र काढायला अर्धं मिनिट लागतं, ते वाचवू नका.

एखादाच विचित्र पॉइंट असेल तर खरंच इतका फरक पडतो?

वरच्याच पाच विद्यार्थ्यांमध्ये सहावा घाला, जो १० तास बसतो आणि त्याला २० मार्क मिळतात. आता कोरिलेशन काढा. ०.८४ चं थेट उणे ०.५२ होतं. एका माणसामुळे निष्कर्ष उलटा.

मग त्याला काढून टाकायचं का? लगेच नाही. आधी बघायचं की टायपिंगची चूक आहे का, २० च्या जागी ७० होते का. चूक असेल तर दुरुस्त करा. चूक नसेल तर तो खरा विद्यार्थी आहे, कदाचित आजारी होता, कदाचित त्याची शिकण्याची पद्धतच चुकतेय, आणि त्याला न सांगता गायब करणं म्हणजे डेटाशी बेइमानी. प्रामाणिक रस्ता असा की त्याला धरून एक आकडा द्या, वगळून एक द्या, आणि दोन्ही का दिले ते लिहा.

पिअर्सन, स्पिअरमन, केंडल यातलं कुठलं कधी वापरायचं?

नुसतं कोरिलेशन म्हटलं की पिअर्सन धरतात, सरळ रेषेसाठी. स्पिअरमन (१९०४) मध्ये खरे आकडे बाजूला ठेवून त्यांचे क्रमांक लावतात, पहिला दुसरा तिसरा, आणि त्या क्रमांकांचं कोरिलेशन काढतात. त्यामुळे संबंध वक्र असला पण सतत चढताच असला तरी तो पकडला जातो, आणि लांब गेलेल्या ठिपक्याचा जोर कमी होतो. वरच्या पाच जणांचं स्पिअरमन ०.८ येतं आणि सहावा धरून साधारण ०.०३. म्हणजे तोही कोसळला, सहा जणांच्या डेटात एक माणूस खूपच जड असतो, पण निदान उलट्या दिशेला गेला नाही. केंडलचं टाउ (१९३८) प्रत्येक दोन-दोन जणांची जोडी घेऊन बघतं की दोन्ही बाबतीत त्यांचा क्रम जुळतो का, लहान सँपलला आणि सारखे क्रमांक खूप असले की ते बरं पडतं. "खूप असमाधानी ते खूप समाधानी" असे सर्व्हेतले पर्याय असतील तर स्पिअरमन किंवा केंडलच घ्या.

हे शोधलं कोणी?

फ्रान्सिस गॅल्टन यांनी. आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंच्यांचा डेटा घेऊन ते आनुवंशिकतेवर काम करत होते, आणि १८८८ मध्ये त्यांनी शरीराच्या वेगवेगळ्या मापांमधल्या सहसंबंधावर पेपर मांडला, त्यात उंची आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी यांचा आकडा त्यांनी ०.८ दिला होता. आज आपण वापरतो तो फॉर्म्युला कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात पक्का केला. हेही सांगायला पाहिजे की गॅल्टन आणि पिअर्सन दोघंही युजेनिक्सचे कट्टर समर्थक होते, माणसांची प्रतवारी लावण्याच्या कल्पनेतून या विषयाचा मोठा भाग वाढला. गणित बरोबर आहे म्हणून त्यातून काढलेले निष्कर्षही बरोबर असतात असं नाही, आणि याचं उदाहरण या विषयाच्या जन्मातच आहे.

"कोरिलेशन म्हणजे कारण नव्हे" हे सगळे म्हणतात, पण मग नेमकं काय असतं?

हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पुढचं कोणी सांगत नाही. दोन गोष्टी सोबत हलताना दिसल्या तर मागे काय काय असू शकतं ते बघू.

एक, मागे तिसरीच गोष्ट असते. शाळेतल्या मुलांच्या बुटाचा नंबर आणि वाचनाचं कौशल्य यांचं कोरिलेशन चांगलं येईल, कारण वय वाढलं की दोन्ही वाढतं. हे तपासायला पार्शल कोरिलेशन असतं, म्हणजे तिसऱ्या गोष्टीचा भाग काढून टाकल्यावर काय उरतं. समजा बूट आणि वाचन ०.६४, वय आणि बूट ०.८, वय आणि वाचन ०.८. तर ०.८ गुणिले ०.८ बरोबर ०.६४, म्हणजे बूट-वाचनाचा सगळाच संबंध वयामुळे आहे, वय काढलं की शून्य. पण हे फक्त ज्या गोष्टी तुम्ही मोजल्यात त्यांच्यासाठीच जमतं, न मोजलेली तिसरी गोष्ट तशीच मागे बसून राहते.

दोन, दिशा उलटी असते. ज्या आगीत जास्त अग्निशमन जवान गेले तिथे नुकसान जास्त दिसतं, पण जवानांमुळे नुकसान झालेलं नसतं, नुकसान मोठं होताना दिसलं म्हणून जवान जास्त पाठवले.

तीन, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं, डेटा गोळा करण्याच्या पद्धतीतूनच कोरिलेशन जन्माला येतं. जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये दाखवलं की दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नसला तरी फक्त हॉस्पिटलमधल्या पेशंटचा डेटा घेतला तर संबंध दिसू शकतो, कारण यातल्या कुठल्याही आजारामुळे माणूस हॉस्पिटलात पोचतो आणि ज्यांना काहीच नाही ते डेटात येतच नाहीत. स्कॉलरशिप मिळालेल्यांमध्ये अभ्यासात हुशार मुलं खेळात कच्ची दिसतील, कारण दोन्हीपैकी एक तरी असल्याशिवाय ती निवडलीच गेली नव्हती. निवडीचा दरवाजा कुठे होता हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका.

चार, निव्वळ योगायोग. आणि पाच, खरंच कारण असतं!

२०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २३ देशांचा डेटा छापून आला होता, दरडोई चॉकलेट आणि दरडोई नोबेल, कोरिलेशन ०.७९१. श्रीमंत देशात चॉकलेटही जास्त खाल्लं जातं आणि संशोधनावर खर्चही जास्त होतो, हे थोडा विचार केला की सुचतं, पण बातम्यांमध्ये चॉकलेट खा नि हुशार व्हा असंच फिरलं.

मग कोरिलेशनवरून कारणापर्यंत कधीच पोचता येत नाही का?

येतं, पण एका आकड्याच्या जोरावर नाही. सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. १९५० मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या हॉस्पिटलांमधले पेशंट घेऊन संबंध दाखवला. मग १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली आणि उत्तर दिलेल्या सुमारे ४०,००० जणांपैकी पुढची कित्येक वर्षं कोण कशाने दगावतं याची नोंद ठेवली. तेव्हा आर. ए. फिशर, म्हणजे आधुनिक संख्याशास्त्र ज्यांनी उभं केलं तेच, म्हणत होते की एखादं जनुक माणसाला सिगारेटही ओढायला लावत असेल आणि कॅन्सरही देत असेल, म्हणजे वरचा "एक" नंबरचा मुद्दा. शंका चुकीची नव्हती. पण १९५९ मध्ये कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला की सिगारेट ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल, तर तो सगळा एखाद्या छुप्या कारणामुळे यायला ते कारण ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट जास्त आढळायला हवं, आणि असं काही कोणाला सापडलेलं नव्हतं. शिवाय जास्त ओढणाऱ्याला जास्त धोका, सोडणाऱ्याचा धोका कमी होत जातो, वेगवेगळ्या देशांत तेच दिसतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांतही आधार मिळाला. १९६५ मध्ये हिल यांनी असं ठरवताना काय काय बघावं याचे नऊ मुद्दे मांडले. जिथे प्रयोग करणं शक्य आहे तिथे तर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा आणि प्रयोगच करा, सिगारेटच्या बाबतीत ते करता येत नव्हतं म्हणून एवढा लांबचा रस्ता घ्यावा लागला.

म्हणून कोणी "अरे ते नुसतं कोरिलेशन आहे" म्हणून विषय झटकत असेल तर तेही तितकंच चूक. तिथे चौकशी सुरू करायची असते.

आणि उलटं? कारण आहे पण कोरिलेशन नाही असं होतं का?

होतं. चढउताराच्या रस्त्यावर ड्रायव्हर गाडी एका स्पीडला ठेवतो. चढ आला की अॅक्सिलरेटर दाबतो, उतार आला की सोडतो. नोंदी घेतल्या तर अॅक्सिलरेटर सतत वरखाली आणि स्पीड जवळपास तोच, कोरिलेशन शून्याजवळ. अॅक्सिलरेटरमुळे गाडी पळत नाही असं कोण म्हणेल? जिथे कोणीतरी मुद्दाम एखादी गोष्ट कंट्रोलमध्ये ठेवतंय तिथे ही फसगत हमखास होते.

दोन गोष्टींचे वर्षानुवर्षांचे आकडे घेतले तर ०.९ च्या वर येतं, भारी ना?

बहुतेक वेळा नाही. जे काही काळाबरोबर सतत वाढतं किंवा सतत घटतं त्यातलं कुठलंही काहीही घ्या, कोरिलेशन तगडंच येणार. उडनी यूल यांनी १९२६ मध्येच हे दाखवलं होतं: इंग्लंड आणि वेल्समध्ये १८६६ ते १९११ या काळात एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये होणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर, कोरिलेशन ०.९५. दोन्ही हळूहळू घटत होते, बस. उपाय म्हणून वर्षाचा आकडा न घेता मागच्या वर्षापेक्षा किती बदल झाला तो घ्या आणि त्या बदलांचं कोरिलेशन काढा, फुगा लगेच फुटतो किंवा खरं काही असेल तर टिकतो.

राज्यांचा किंवा जिल्ह्यांचा डेटा घेऊन माणसांबद्दल बोलता येतं का?

अजिबात नाही, आणि हे रोज होतं. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर हे काम केलं. राज्यं घेतली तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी, कोरिलेशन उणे ०.५३. आणि एकेक माणूस घेतला तर अधिक ०.१२, म्हणजे परदेशात जन्मलेले लोक थोडेसे जास्तच निरक्षर. कारण बाहेरून आलेले लोक मुळात ज्या राज्यांत साक्षरता जास्त तिथे जाऊन राहत होते. सरासऱ्यांचं कोरिलेशन माणसांच्या कोरिलेशनपेक्षा बहुतेक वेळा मोठं येतं, कधी चिन्हही बदलतं. याचाच भाऊ म्हणजे सिम्पसन पॅराडॉक्स, प्रत्येक गटात वेगळं बघितलं तर संबंध चढता आणि सगळे गट एकत्र केले की उतरता. त्यामुळे स्कॅटर प्लॉटमध्ये गटांना वेगवेगळे रंग द्यायची सवय लावा.

पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, झालं ना काम?

त्यातून फक्त एवढं कळतं की खरं कोरिलेशन शून्य असतं तर इतका मोठा आकडा योगायोगाने क्वचितच आला असता. तो महत्त्वाचा आहे की नाही हे त्यातून कळत नाही. १० जोड्या असतील तर ०.६३ च्या वर गेल्याशिवाय ५ टक्क्यांची पातळी पार होत नाही, १०० असतील तर ०.२० पुरतं, १००० असतील तर ०.०६२ सुद्धा "सिग्निफिकंट" होतं, ज्याचा वर्ग अर्धा टक्काही नाही.

त्यापेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हल बघा, म्हणजे खरा आकडा साधारण ज्या पट्ट्यात असावा तो. २८ जणांवर ०.५ आलं तर ९५ टक्के इंटरव्हल ०.१६ ते ०.७४, म्हणजे अगदी किरकोळ ते चांगलं तगडं यातलं काहीही असू शकतं. तेच ४०३ जणांवर आलं तर ०.४२ ते ०.५७. आणि खूप चलं एकदम तपासत असाल तर जपून, २० चलांच्या १९० जोड्या होतात, कशाचाच कशाशी संबंध नसला तरी ५ टक्क्यांच्या हिशोबाने नऊ-दहा जोड्या "सिग्निफिकंट" निघणार आणि लोक नेमक्या त्याच छापतात.

अ आणि ब चं कोरिलेशन चांगलं, ब आणि क चं पण चांगलं, म्हणजे अ आणि क चं असणारच ना?

नाही. दोन्ही ०.६ असतील तर अ आणि क चं उणे ०.२८ पासून १ पर्यंत कुठेही असू शकतं. दोन्ही ०.८ असतील तर मात्र ते ०.२८ च्या खाली जाऊच शकत नाही. दोघांच्या वर्गांची बेरीज १ च्या वर गेली तरच तिसरं नक्की अधिक येतं, हे ध्यानात ठेवा.

दोन मशीनची रीडिंग जुळतात का हे कोरिलेशनने तपासू का?

नको. एक बीपी मशीन दुसऱ्यापेक्षा प्रत्येक वेळी बरोब्बर १० जास्त दाखवत असेल तर कोरिलेशन १ येईल, आणि तरी दोघांचं एकदाही एकमत नसेल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये यावरच लिहिलं: दोन रीडिंगमधला फरक काढा, तो सरासरीच्या समोर मांडा, आणि फरक किती पसरलाय ते बघा.

सगळ्यांना माहीत असलेला संबंध माझ्या डेटात दिसतच नाही, असं का?

दोन नेहमीची कारणं. पहिलं, डेटा छाटलेला असतो. प्रवेश परीक्षेत वरचे आलेलेच कॉलेजात असतात, मग कॉलेजात बसून प्रवेश परीक्षेचे मार्क आणि पुढचे मार्क यांचं कोरिलेशन काढलं तर कमी येणारच, कारण खालचे लोक चित्रातच नाहीत. यावरून परीक्षा निरुपयोगी आहे असं ठरवणं घाईचं होईल. दुसरं, मोजमाप कच्चं असतं. खरं कोरिलेशन ०.६ असेल आणि दोन्ही मापांची विश्वासार्हता (पुन्हा मोजलं तर तेच किती येतं ते) ०.७ असेल तर हाती फक्त ०.४२ लागतं.

गुंतवणुकीत कोरिलेशन का बघतात?

कारण जोखीम त्यावर ठरते, हॅरी मार्कोविट्झ यांचा १९५२ चा पेपर यावरच होता. दोन गुंतवणुकी, प्रत्येकीची जोखीम (म्हणजे परताव्यातला चढउतार) २० टक्के, पैसे निम्मे निम्मे. कोरिलेशन १ असेल तर एकूण जोखीम २० च राहते, ०.५ असेल तर १७.३, शून्य असेल तर १४.१, आणि उणे १ असेल तर शून्य. फक्त हे आकडे जुन्या डेटावरचे असतात, आणि मार्केट जोरात पडतं तेव्हा एरवी वेगवेगळ्या चालणाऱ्या गोष्टी एकदम खाली येतात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच कोरिलेशन वाढतं.

एक्सेल, आर, पायथॉनमध्ये कसं काढायचं?

एक्सेलमध्ये CORREL फंक्शन, आरमध्ये cor, पायथॉनच्या पांडाज या लायब्ररीत corr नावाची मेथड. फक्त रिकाम्या जागांकडे लक्ष द्या. पांडाज प्रत्येक जोडीसाठी जिथे दोन्ही आकडे आहेत तेवढ्याच ओळी घेतं, त्यामुळे एकाच टेबलातला एक आकडा ५०० ओळींवरचा आणि शेजारचा ४० ओळींवरचा असू शकतो आणि टेबल बघून ते कळत नाही. आर उलट आधीच अडून बसतं आणि NA (आकडा उपलब्ध नाही) देतं, मला तेच बरं वाटतं.

रिपोर्टमध्ये काय काय लिहू?

कुठलं कोरिलेशन काढलं (पिअर्सन की स्पिअरमन), किती जोड्या होत्या, आकडा दोन दशांशांपर्यंत, त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, डेटा कुठून आणि कोणाला वगळून आला, आणि शेजारी स्कॅटर प्लॉट. "अमुकमुळे तमुक वाढतं" असं लिहू नका, "अमुक जास्त असलेल्यांमध्ये तमुकही सरासरीने जास्त आढळलं" असं लिहा. वाक्य थोडं लांब होतं, होऊ दे.